आर्निसच्या क्लासला पहिल्यांदा जाताना

प्रश्न: "मी लातूरचा, फिलिपिन्समधल्या सेबूत मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलजवळच्या बास्केटबॉल कोर्टवर मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी आर्निसचा, म्हणजे इथल्या काठ्यांच्या युद्धकलेचा, क्लास चालतो. मी आयुष्यात कधी मारामारी केलेली नाही, व्यायामाचीही बोंबच आहे, पण जावंसं वाटतं. नवख्याला तिथे काय करायला लावतात? किती लागतं? मला सर्जन व्हायचंय, त्यामुळे बोटं सांभाळायला हवीत. आणि स्वतःचा बचाव करता यायला किती दिवस लागतील?"

उत्तर: मी मूळची सांगलीची. २००८ साली नोकरीसाठी सेबूत आले, २००९ मध्ये काठी हातात घेतली, ती अजून सुटलेली नाही. गेली सहा वर्षं आमच्या गुरूंच्या कोर्टवर शनिवारची नव्यांची बॅच मी बघते. तू वयाने बराच लहान आहेस, म्हणून अरे-तुरे करते.

पहिल्याच दिवशी तुझ्या हातात काठी देतील. इथेच ही विद्या बाकीच्यांपेक्षा वेगळी पडते. कराटे-तायक्वांदोत आधी हातपाय, आणि शस्त्र आलंच तर बऱ्याच वर्षांनी. फिलिपिनो पद्धतीत उलटं चालतं: आधी काठी, मग जोडकाठी, काठी आणि खंजीर, नुसता खंजीर आणि त्यानंतर रिकामा हात. क्रम क्लासप्रमाणे थोडा मागेपुढे होतो, पण सुरुवात काठीनेच. वार कुठल्या दिशेने येतोय हे एकदा डोळ्यांना आणि पायांना कळलं की त्याच्या टोकाला वेत आहे, पातं आहे की मूठ, याने हालचाल फारशी बदलत नाही. बदलतं ते अंतर.

म्हणून पहिला तास आकड्यांत जातो. बहुतेक क्लासमध्ये बारा वार असतात. एक नंबर समोरच्याच्या डाव्या कानशिलावर, दोन उजव्या, तीन-चार दंडांवर, पाच पोटात भोसकायचा, असं करत बारावा थेट टाळूवर. शिक्षक 'उनो, दोस, त्रेस' असं स्पॅनिशमध्ये मोजतील. सेबूत घड्याळातली वेळ आणि दुकानातले पैसेही बरेचदा त्याच आकड्यांत सांगतात, हे तुझ्या कानावर आलंच असेल. दुसऱ्या क्लासमध्ये गेलास तर तोच आकडा वेगळ्या जागेला असू शकतो, काही ठिकाणी पाचच वार शिकवतात. गोंधळून जाऊ नकोस. आकडा म्हणजे दिशा, एवढं लक्षात ठेवलंस की कुठेही निभावतं. तुझे फिलिपिनो वर्गमित्र हे बघून हसतील, कारण त्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत पीईच्या तासाला हे केलेलं असतं. २००९ च्या डिसेंबरमध्ये इथल्या संसदेच्या ९८५० क्रमांकाच्या कायद्याने आर्निस हा देशाचा राष्ट्रीय खेळ आणि राष्ट्रीय युद्धकला ठरला.

काठी वेताची असते. आपल्याकडे वेत म्हटलं की शाळेतली छडी आठवते. ही त्याच जातीची, फक्त बोटापेक्षा जाड, साधारण इंचभर व्यासाची आणि २६ ते २८ इंच लांब. वेत बांबूसारखा पोकळ नसतो, आतून भरीव आणि लांब धाग्यांचा असतो. त्यामुळे मार खाऊन खाऊन तो टोकदार ढलप्यांनी तुटत नाही, तो झाडूसारखा पिंजत जातो. पार्टनरवर वापरायला वेतच का घेतात, याचं उत्तर त्यात आहे. दोन काठ्या जोरात एकमेकींवर आपटल्या की करपल्यासारखा वास येतो; पहिल्यांदा आला की सगळे नवे लोक इकडेतिकडे बघतात. कोर्टवर काळ्याभोर, जड काठ्याही दिसतील. ते कामागोंग, आपल्या तेंदूच्याच कुळातलं झाड. ती सुंदर दिसते म्हणून लगेच विकत घेऊ नकोस. ती एकट्याने मनगट तयार करण्यासाठी असते, कुणाच्या हातावर बसली तर हाड राहत नाही.

पकड अशी: खालून मूठभर जागा सोडायची, अंगठा काठीवर लांब न ठेवता बोटांवर वळवून घ्यायचा. खाली उरलेल्या टोकाला पुन्यो म्हणतात. जवळ आल्यावर त्यानेच मारतात, अडकवतात, ओढतात. नव्या माणसाची पहिली चूक ठरलेली असते. तो काठी बुडत्याने ओंडका धरावा तशी आवळतो. अर्ध्या तासात कोपरापासून खालचा हात दगड होतो आणि दुसऱ्या दिवशी पेन धरवत नाही. मूठ आवळून महिनोन्महिने मारत राहिलं तर टेनिस एल्बो होतो, ते तू पुस्तकात वाचशीलच. वार लागण्याच्या क्षणी मूठ घट्ट, आधी आणि नंतर सैल. मनगट मोकळं असेल तरच आबानिको जमतं, म्हणजे पंखा हलवावा तसा मनगटाचा झटका. कोल्हापूरकडचे मर्दानी खेळ केलेला एक जण माझ्या बॅचला होता, त्याला हे सगळ्यांत जड गेलं, कारण दांडपट्ट्याच्या खोबळ्यात मनगट बंद असतं आणि वार खांद्यातून, सगळ्या अंगातून येतो. पाय मात्र त्याचे पहिल्या दिवसापासून तयार होते.

पायांसाठी जमिनीवर खडूने किंवा टेपने त्रिकोण काढतात. समोरून वार आला की सरळ मागे जायचं नाही, त्रिकोणाच्या बाजूने तिरकं सरकायचं. दहा मिनिटांत पोटऱ्या बोलायला लागतात. तुला व्यायाम नाही म्हणतोस, तर पहिले दोन आठवडे खांदे आणि पोटऱ्या दुखतील, तिसऱ्यात थांबेल. यापलीकडे फिटनेसची चिंता करू नकोस. दमछाक झाली तर बाजूला बसून बघ, कुणी काही म्हणत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तुला वाटत असेल, क्लासमध्ये वार अडवायला शिकवतील, समोरच्याची काठी हिसकावून घ्यायला शिकवतील. शिकवतीलच. पण पहिले तीन महिने तुझं खरं काम असतं समोरच्याला नीट वार देण्याचं. 'फीड' हा शब्द सगळीकडे रुळलाय. मी माझ्या बॅचमधल्या मराठी मुलांना सरळ 'वार दे' म्हणते. प्रत्येक ड्रिलमध्ये एक जण देतो, एक जण घेतो, आणि घेणारा काय शिकणार हे देणाऱ्याच्या हातात असतं. क्लासमध्ये वर्षभर राहूनही ज्यांना काही येत नाही, त्यांच्यात मला बहुतेक वेळा हेच दिसतं की त्यांना कुणी नीट वार दिलेला नसतो आणि त्यांनीही कुणाला दिलेला नसतो.

माझ्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट सांगते. पार्टनर सोळा वर्षांची एक मुलगी होती. मी तिच्या कानशिलाकडे एक नंबर द्यायचा, तिने अडवायचा, एवढंच होतं. तिला लागेल या भीतीने मी काठी तिच्या चेहऱ्याच्या वीतभर अलीकडून फिरवत होते. ती अडवत होती, टक टक आवाज येत होता, दोघींनाही वाटत होतं की झकास चाललंय. आमचे नोंग आले. (वडीलधाऱ्या पुरुषाला सेबूत नोंग म्हणतात, आपण काका म्हणतो तसं.) त्यांनी तिला बाजूला केलं, तिच्या जागी स्वतः उभे राहिले आणि खुणेनेच म्हणाले, दे. मी तशीच काठी फिरवली. त्यांनी हातच उचलला नाही. काठी त्यांच्या नाकासमोरून निघून गेली आणि ते जागचे हलले नाहीत. "तिनुओद," ते म्हणाले. तिनुओद म्हणजे खरं. मी परत दिला, परत तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग त्यांनी माझं मनगट धरलं, काठीचं टोक आपल्या कानशिलाला हलकेच टेकवलं आणि तिथेच दाबून धरलं. माझ्या हाताला त्यांच्या कानशिलाचं हाड काठीतून जाणवलं. "इथे. हिनाय-हिनाय." हळूहळू. त्या दिवशी उरलेला सगळा वेळ मी कासवाच्या गतीने, पण खऱ्या जागेवर, तेवढा एक वार दिला.

खोटा वार दिला की समोरचा मुळात लागणारच नव्हतं ते अडवायला शिकतो. त्याचा हात चुकीच्या जागी जायला लागतो, अंतराचा अंदाज कायमचा बिघडतो, आणि आवाज मात्र छान येत असल्यामुळे हे कुणाच्या लक्षात येत नाही. तू त्याच्यावर दया करतोयस असं तुला वाटतं आणि खरं तर तू त्याचं नुकसान करत असतोस. म्हणून भीती वाटली तर वेग कमी कर, जोर कमी कर, रोख बदलू नकोस. आणि समोरचा अडवण्यात चुकला तर काठी थांबवता आली पाहिजे. ज्या वेगाला थांबवता येत नाही, तो तुझा वेग नाही. हे थांबवणं शिकायलाच दोन महिने जातात आणि ते दोन महिने वाया गेले असं समजू नकोस. मनगटावर ताबा येतो तो त्यातूनच.

सिनावालीतही हेच. सवाली म्हणजे इथल्या घरांच्या भिंतींना लावतात ती विणलेल्या बांबूची चटई, त्यावरून जोडकाठीच्या विणकामाला सिनावाली हे नाव. दोघे समोरासमोर, दोघांच्या दोन्ही हातांत काठ्या, वर-खाली-वर अशी वीण. पहिल्या महिन्यातच शिकवतात, कारण डावा हात जागा होतो. डाव्या हाताचं हसं होईल, सगळ्यांचं होतं. आपल्या मुलांना हे बघून टिपऱ्या आठवतात, आणि ताल पकडायला त्याचा उपयोगही होतो. पण टिपरीत काठीला काठी लागणं एवढंच पाहिजे असतं. इथे समोरच्या काठीमागे त्याचं डोकं आहे आणि तुझा वार त्या डोक्याकडे निघालेला असतो. मध्ये त्याची काठी येते म्हणून आवाज होतो. ज्या दिवशी तू काठीवर मारायला लागशील, त्या दिवसापासून सिनावालीचा नाच झाला असं समज. नाच वाईट नाही, पण तू त्यासाठी आलेला नाहीस.

सेबूतच शिकत असलास तर बालिंतावाक पद्धतीचा क्लास मिळण्याची शक्यता बरीच आहे. १९५२ मध्ये वेनान्सिओ बाकोन यांनी ती सुरू केली. सेबूच्या बालिंतावाक नावाच्या गल्लीत, एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागच्या जागेत सराव चालायचा, म्हणून हे नाव. एकच काठी, अगदी जवळून. तिथे वार देण्याची कला शिकवण्याचा पायाच होऊन बसली आहे. तिला आगाक म्हणतात, म्हणजे हात धरून चालवणं. शिक्षक एकेका विद्यार्थ्यासमोर उभा राहतो आणि त्याला झेपेल तेवढाच, पण जेमतेम झेपेल एवढा, वेगळ्यावेगळ्या दिशांनी वार देत राहतो. विद्यार्थी घाबरला की शिक्षक हात सैल करतो, सुस्तावला की एक जास्तीचा टाकतो. चांगला आगाक देणारा म्हातारा बघायला मिळाला तर तुझा क्लास बुडवूनही बघ. तिथे घाऊक बॅच नसते, त्यामुळे तासाभरात तुझ्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटंच येतील आणि बाकी वेळ बघण्यात जाईल. पुष्कळ नवे लोक याला कंटाळतात. माझ्या मते ती दहा मिनिटं दुसरीकडच्या दोन तासांना भारी पडतात.

दुसरं मोठं नाव दोसे पारेस. १९३२ मध्ये सेबूतच स्थापन झालेला क्लब, कान्येते घराण्याने वाढवलेला. बाकोन स्वतः आधी त्यातच होते, नंतर वेगळे झाले, आणि मग दोन्हीकडच्या लोकांत बरीच वर्षं खुन्नस होती. आता ती राहिलेली नाही, पण जुन्या माणसासमोर दुसऱ्या क्लबचं कौतुक जपून कर. दोसे पारेसमध्ये दोन काठ्या, काठी-खंजीर, पकडी, पाडणं असं सगळंच येतं. त्याच घराण्यातले गुरू काकोय कान्येते १९१९ मध्ये जन्मले, २०१६ मध्ये गेले आणि नव्वदी ओलांडल्यावरही शिकवत होते. हे मुद्दाम सांगते, कारण व्यायाम नसलेला वीस वर्षांचा मुलगा 'जमेल का' विचारतो तेव्हा मला तेच आठवतात.

आर्निस, एस्क्रिमा, काली ही तीन नावं ऐकून बुचकळ्यात पडू नकोस. सेबूत लोक एस्क्रिमा म्हणतात, लुझोनकडे आणि सरकारी कागदात आर्निस, अमेरिकेत शिकलेले काली म्हणतात. पहिली दोन्ही स्पॅनिशमधून आलेली. शिक्षकाला मात्र गुरो म्हणतात, आणि तो शब्द संस्कृतमधून मलय मुलखातून फिरत इथवर पोचला. मला याचं फार अप्रूप वाटलं होतं. नंतर मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयातला लागुनाचा ताम्रपट बघितला. १९८९ मध्ये सापडलेल्या त्या पत्र्यावर तारीख आहे शके ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार. कालनिर्णय वाचणाऱ्या माणसाला ती तारीख कुणी समजावून सांगावी लागत नाही.

क्लासमध्ये मक्तानचा सरदार लापु-लापु याची गोष्टही ऐकशील. तू विमानातून उतरलास तेच मक्तान बेट, २७ एप्रिल १५२१ ला तिथल्या लोकांनी मॅगेलनला मारलं. 'आर्निसच्या काठीने मारलं' असं उत्साहात सांगितलं जातं. मॅगेलनसोबत असलेल्या पिगाफेट्टाने लिहून ठेवलंय ते वेगळं आहे: पायात विषारी बाण, तोंडावर बांबूचा भाला आणि डाव्या पायावर मोठ्या वाकड्या तलवारीचा घाव. शिकवणाऱ्याला तिथल्या तिथे दुरुस्त करायला जाऊ नकोस. पण तो डाव्या पायावरचा खालचा घाव लक्षात ठेव. बारा वारांतले आठ आणि नऊ गुडघ्यांवर असतात, आणि नवे लोक ते नेहमी आळसाने देतात.

आता बोटं.

गोड बोलत नाही. या विद्येत सगळ्यांत जास्त मार हाताच्या पंजावर बसतो, कारण समोरच्याच्या सगळ्यांत जवळ तोच असतो, आणि 'सापाचे दात काढा' म्हणत शस्त्राच्या हातावर मारायला शिकवतातही. ड्रिलमध्ये बोटांच्या सांध्यांवर टेंगूळ येणं, अंगठ्याच्या बेचक्यात फोड येणं, दंडावर निळे डाग पडणं, हे महिन्यातून दोनचारदा होईल. परीक्षेच्या आठवड्यात जाऊ नकोस, एवढंच. मोडतोड होते ती फुल कॉन्टॅक्ट स्पारिंगमध्ये, म्हणजे पूर्ण जोराने खेळायच्या सरावाच्या लढतीत. माझ्या दुसऱ्या वर्षी मी काही महिने दुसऱ्या एका क्लबला जात होते. तिथे हातमोज्यांनी सवय बिघडते म्हणून उघड्या हाताने स्पारिंग करवत. उजव्या हाताची अनामिका मधल्या पेराशी मोडली, सहा आठवडे बांधून ठेवावी लागली, आणि आजही ती पूर्ण मिटत नाही. मी की-बोर्डवर काम करते, माझं भागलं. तुझं भागणार नाही.

तेव्हा पहिल्याच दिवशी, नाव सांगतानाच, शिक्षकाला सांग की मी सर्जन होणार आहे, स्पारिंग करणार नाही. चांगला शिक्षक हे ऐकून तुला जास्तच जपेल. ड्रिलमध्ये पहिल्या दिवसापासून पातळ पॅडचे हातमोजे घाल. पुढे कधी हलकं स्पारिंग करावंसं वाटलंच तर स्पंज गुंडाळलेली काठी, जाळीचं हेल्मेट आणि आइस हॉकीचे किंवा लॅक्रॉसचे जाड हातमोजे. साध्या सायकलच्या मोज्यांनी काही वाचत नाही. काठी हिसकावण्याच्या सरावात आणखी एक धोका आहे ज्याबद्दल कुणी आधी बोलत नाही. समोरचा काठीचा तरफेसारखा वापर करतो आणि सगळा जोर तुझ्या अंगठ्यावर येतो. त्या वेळी इज्जतीचा प्रश्न करून धरून राहू नकोस. ताण अंगठ्यावर आला की काठी सोडून दे, ती जमिनीवर पडू दे. मी माझ्या बॅचला आधी काठी सोडायला शिकवते, मग धरायला.

डोळ्यांना चष्मा लाव. लॅबमध्ये घालता तो प्लॅस्टिकचा चालेल. जुन्या वेताच्या काड्या उडतात आणि त्या बारीक, तिखट असतात. काठी फुटायला लागली की टोकापासून वीतभर इलेक्ट्रिकल टेप गुंडाळ, आणि टेपखाली मऊ लागायला लागली की टाकून दे.

स्पर्धेची हौस असेल तर आन्यो नावाचा प्रकार आहे, एकट्याने किंवा गटाने काठीचे क्रम सादर करायचे. २००५ आणि २०१९ च्या दक्षिण-पूर्व आशियाई स्पर्धा फिलिपिन्समध्ये झाल्या तेव्हा आर्निसचा त्यांत समावेश होता. आन्योत समोर कुणी नसतं, बोटं सुरक्षित.

स्वतःच्या बचावाबद्दल. तीन महिन्यांत तुला बारा दिशा कळतील, एक सिनावाली न अडखळता येईल, आणि अंगावर काही येताना डोळे मिटायचे थांबतील. ही शेवटची गोष्ट छोटी वाटते, पण नव्या माणसात मला सगळ्यांत आधी बदललेली दिसते ती हीच. वर्षभरात सुंब्रादा येईल, म्हणजे वार, अडवणं, उलटा वार, अशी न थांबणारी देवाणघेवाण; हुबुद-लुबुद येईल, म्हणजे हाताला हात लावून बांधणं-सोडवणं, डोळे मिटूनही करता येतं असं. रिकाम्या हाताचा खरा उपयोग तिथून पुढे सुरू होतो. चाकूचे ड्रिल तुला बरेच लवकर दाखवतील, कारण नव्या मुलांना तेच आवडतं. लाकडी चाकू हातातून हिसकावून घेताना दोन मिनिटं फार भारी वाटतं. पण एकदा जुन्या विद्यार्थ्याच्या हातात मार्कर दे, त्याला मनासारखे वार करू दे, आणि तुझ्या पांढऱ्या शर्टावरच्या रेघा मोज. खरा चाकू समोर आला तर पळायचं, पाकीट मागितलं तर द्यायचं. सोळा वर्षांनंतर माझंही उत्तर हेच आहे. जो शिक्षक नव्याला चाकू काढून घेण्याची खात्री देतो, त्याच्याकडे तू जाऊ नयेस असं मला मनापासून वाटतं.

क्लास बरा की वाईट हे ओळखायला एक संध्याकाळ बाजूला बसून बघ. प्रमाणपत्रं, पट्टे, भिंतीवरचे फोटो यांच्यात वेळ घालवू नकोस. काही उत्तम शिक्षकांकडे पट्टेच नसतात. सगळ्यांत जुना विद्यार्थी सगळ्यांत नव्याला वार कसा देतो, तेवढं बघ. तो वेग कमी करतोय का, खऱ्या जागेवर देतोय का, नवा चुकला तर काठी थांबते का. तो आपला वेग दाखवण्यात रमला असेल आणि नवा नुसता मार खात असेल, तर शिक्षक कितीही मोठा असो, उठून ये. हॉस्टेलजवळ आहे म्हणून तडजोड करू नकोस.

पहिल्या दिवशी टी-शर्ट, ट्रॅकपँट, सपाट तळाचे बूट, दोन टॉवेल (एक तोंडाला, एक काठीला, इथल्या दमट हवेत घामाने काठी सटकते आणि सटकलेली काठी शेजाऱ्याला लागते), पाणी. अंगठी-घड्याळ हॉस्टेलवर ठेव. काठी नेऊ नकोस, तिथे देतील. सुरुवातीला आणि शेवटी काठी छातीशी धरून मान झुकवतात, बाकीच्यांकडे बघून कर. फी स्पष्ट विचार, लाजण्यासारखं काही नाही. सराव संपल्यावर काहीतरी खायला सगळे थांबतात. तू शाकाहारी असलास तरी थांब, पुसो खा. नारळाच्या पात्यांच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात असतो तो. अर्धी विद्या जुने लोक त्या वेळी, हातातल्या चमच्याने दाखवत, सांगतात.

सुट्टीत लातूरला गेलास की सराव सोडू नकोस. गॅरेजमधून जुना टायर आण, झाडाला छातीच्या उंचीवर टांग आणि रोज दहा मिनिटं बारा वार मार, डाव्या हाताने पण. टायर काठीला उसळी देतो, त्यामुळे कोपराला धक्का बसत नाही. भिंतीवर किंवा खांबावर मारू नकोस. पार्टनर नसेल तर घरातल्या कुणालाही समोर उभं कर, हातात काही न देता, आणि कासवाच्या गतीने एक नंबर दे, काठी कानशिलापासून बोटभर अंतरावर थांबेल असा. आईला आधी सांगून ठेव. विमानात काठ्या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, चेक-इनच्या बॅगेत टाक. २८ इंची काठी मोठ्या बॅगेत तिरकी बसते.